दारातला हात

आमच्या वस्तीत कोणी कॅमेरा घेऊन आला की समजायचं, काहीतरी वाईट दाखवायला आलाय. डेट्रॉइटच्या पूर्वेकडं आम्ही काळी माणसं असंच समजतो, आणि उगाच नाही समजत. म्हणून विनेटा चर्चमधल्या लोकांचे व्हिडिओ काढायला लागली तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन थार्पच्या कपाळाला आठ्या पडल्या. पोरगी आमचीच, याच बाकांवर वाढलेली. पण थार्प म्हणायचा, शिकून आलेली पोरं आपलं दुःख विकतात. रविवारी ती चर्चच्या हॉलमध्ये व्हिडिओ दाखवणार होती. हॉलची किल्ली थार्पकडं. तो नाही म्हणाला की संपलं.

हा थार्प आमच्या अशरांचा, म्हणजे चर्चच्या दारावर लोकांना आत घेणाऱ्या सेवेकऱ्यांचा मुख्य. पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दारात उभं राहायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, सगळं हातांनी सांगायचं. अर्ध्या चर्चला हे त्यानंच शिकवलेलं.

शनिवारी तो चर्चच्या तळघरात व्हिडिओ तपासायला आला. मी आणि चर्चमधली सगळ्यात मानाची म्हातारी मदर गेन्स तिथंच बसलो होतो. विनेटानं व्हिडिओ लावला, भिंतीवर एक काळा हात उमटला. हळूहळू वर आला. पंजा उघडा.

"बंद कर ते," थार्प दारातूनच गरजला. "पोलिसापुढं वर केलेले आमचे हात जगानं कमी बघितलेत का? आता देवाच्या घरात पण तेच?"

विनेटाचा चेहरा उतरला. मदर गेन्सनं काठी आपटली. "ल्यूशस थार्प, गप बस आणि पुढं बघ."

चित्र मागं सरकलं, अख्खा माणूस दिसला. दुसरा हात पाठीमागं, मूठ वळलेली. माणसामागं चर्चचं दार, आणि त्या पंजापुढं सगळी रांग थांबलेली. आत प्रार्थना चाललीय, थांबा. अशरांचीच खूण ती!

"काळा हात वर गेला म्हणजे शरण गेला, हे तुला कोणी शिकवलं रे?" मदर म्हणाली. "तू तर आम्हाला त्या हातानं भल्याभल्यांना थांबवायला शिकवलंस."

थार्प भिंतीजवळ जाऊन तो हात बघायला लागला. त्याचा स्वतःचा डावा हात तेव्हाही पाठीमागंच होता, मूठ वळलेली. मग घसा खाकरून त्यानं विनेटाला विचारलं, "हातमोजा का नाही घातला यानं?"

"हात दिसावा म्हणून, डीकन."

"हं. अंगठा ढिला पडलाय त्याचा," म्हणाला आणि किल्ली तिच्यापुढं ठेवली.

रविवारी हॉलच्या दारात थार्प उभा होता. हातमोजे न घालता, उघड्या हातांनी.

मंडळी, संशय जरूर घ्या, त्यानं आम्हाला बऱ्याचदा वाचवलंय. पण स्वतःचा हात स्वतःच्याच डोळ्यांनी बघा. परक्याच्या डोळ्यांनी बघितला, तर आपला मानसुद्धा गुन्हा दिसायला लागतो.