खाटेशेजारची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी तिवई आहे. तीन पाय, वर गोल पत्रा आणि पत्र्यावर हिरवा रंग, तोही कडेकडेनेच उरलेला. मधला रंग बसणाऱ्यांनी नेला. जबलपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात माझा मुक्काम असतो. इथे सगळा कारभार हिंदीत चालतो, म्हणून मला तिवई असं कोणी म्हणत नाही. मी इथे 'तीन टांगवाला स्टूल'. म्हणेनात का. उभी मी ताठच आहे.

तुम्ही म्हणाल, स्टुलाचं कसलं आलंय चरित्र? थांबा जरा. या वॉर्डात मोठमोठी यंत्रं आली, त्यांना हार घातले गेले, आणि वर्षभरात ती झाकण घालून कोपऱ्यात बसली. संशोधन झालं ते माझ्यावर बसून. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे, पण खरी आहे.

माझा जन्म जबलपूरच्याच कांचघर वस्तीतला. तिथे चिंतामणी नावाचे मूळचे नागपूरकडचे एक गृहस्थ राहतात. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांचा जन्म वेल्डिंग करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून त्यांनी दारापुढच्या पडवीत छोटंसं दुकान थाटलं. दवाखान्याने त्यांच्याकडून स्टुलं करून घेतली. सगळी उंच, सगळी चार पायांची. शेवटी माझी पाळी आली आणि पाइप कमी पडला. दुसरा कोणी असता तर तुकड्याला तुकडा जोडून वेळ मारून नेली असती. चिंतामणींनी मला तीनच पाय दिले, आणि तेही आखूड.

त्यांच्या पत्नी मीराकाकू चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काहून हो, हे एकच असं बुटकं काहून केलं?"

"अगं, चार पायांचं स्टूल वाकड्या फरशीवर डुगडुगते," चिंतामणी म्हणाले. "हे नाही डुगडुगणार. पाहशील तू."

असं म्हणून ते माझ्यावर बसले आणि सगळा चहा तिथेच प्यायले. माझ्यावर बसलेला पहिला माणूस मला घडवणाराच होता, हे माझं भाग्य.

दवाखान्यात मात्र माझ्या वाट्याला कौतुक आलं नाही. उंच स्टुलांना भारी मान होता. त्यांच्यावर चढून दिवे बदलता येत, पंखे पुसता येत. माझ्यावर चढून कोणाचा हात कशालाही पोचत नसे. काही ठेवावं तर कमरेत वाकावं लागे. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. मी गेले बादल्यांच्या खोलीत. माझ्यावर ओली फडकी वाळत पडू लागली. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही.

आणि समजा मी वॉर्डात असते, तरी माझ्यावर बसलं कोण असतं? नर्सने ड्यूटीवर बसायचं नाही, हा विनता मॅडमचा कायदा होता. विनता मॅडम म्हणजे आमच्या मेट्रन, साऱ्या नर्सेसच्या प्रमुख. त्या स्वतः सकाळी आल्या की संध्याकाळपर्यंत उभ्याच. पाय दुखले तर भिंतीला टेकतील, पण बसणार नाहीत. त्यांच्यामुळे वॉर्ड आरशासारखा लख्ख असे, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्यांचा धाक होता, पण त्या मनाने वाईट नव्हत्या.

याच वॉर्डात विभावरी नावाची नर्स होती, मॅडमसारखीच मराठी. नोकरी सांभाळून ती नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होती आणि त्यासाठी तिला एका प्रश्नाचा अभ्यास करायचा होता. प्रश्न तिने वॉर्डातच उचलला. बऱ्या होऊन गेलेल्या बायका पुन्हा परत का येतात? औषधं दिलेली असतात, पथ्य सांगितलेलं असतं. मग घरी जाऊन बिनसतं कुठे?

सुखवंतीबाईंचंच बघा. पनागरकडच्या एका गावात त्यांची भाज्यांची शेती. हिवाळ्यात मटाराचे ढीग त्या एकट्या सोलतील इतका हात चपळ. पण हृदय अशक्त झालेलं. अंगात पाणी साठे, पाय खांबासारखे सुजत, धाप लागे. पहिल्यांदा आल्या तेव्हा बऱ्या होऊन गेल्या. जाताना नर्सने खाटेपाशी उभं राहून नीट समजावलं. नमक बंद, पानी कम, गोली टाइम पर. सुखवंतीबाई प्रत्येक वाक्याला म्हणाल्या, "हओ दीदी."

आता हे 'हओ' तुम्हाला सांगायला हवं. जबलपूरकडे हो म्हणायचं तर 'हओ' म्हणतात. पण आपल्यापेक्षा मोठं माणूस समोर उभं राहून काही सांगत असेल तर त्याला उलट विचारणं बरं दिसत नाही, म्हणूनही हओ म्हणतात. समजलं तरी हओ, नाही समजलं तरी हओ. उभ्या माणसाला बिचाऱ्या बायका दुसरं उत्तर देणार काय?

काही महिन्यांत सुखवंतीबाई सुजलेल्या पायांनी परत आल्या. पुन्हा बऱ्या झाल्या, पुन्हा तेच सांगणं, पुन्हा हओ. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा आल्या त्या थेट स्ट्रेचरवर. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर एखाद्या वेळी वाटेतच दगावतील. वॉर्डात सगळे म्हणू लागले, पालथ्या घड्यावर पाणी, ही बाई ऐकतच नाही.

विभावरीला हे पटेना. तिला वाटे, बाई ऐकत नसेल, की आपणच तिचं ऐकत नसू? तिने ठरवलं, खिडकीकडच्या रांगेतल्या बायकांना बसून समजवायचं, त्यांनाच बोलतं करायचं. दाराकडच्या रांगेत नेहमीसारखं उभ्याने. मग दोन्हींची तुलना करायची. प्लॅस्टिकची खुर्ची आणली तर दोन खाटांच्या मधे शिरेना. उंच स्टूल आणलं तर त्यावरून ती बाईंच्या डोक्यावरून बघू लागली. मग तिला बादल्यांच्या खोलीत, ओल्या फडक्याखाली, मी सापडले.

तिने मला धुतलं, पुसलं आणि खाटेशेजारी ठेवून बसून बघितलं. तिचे डोळे उशीवरच्या डोळ्यांच्या अगदी समोर आले. कमी पडलेल्या पाइपाची करामत बघा.

तेवढ्यात विनता मॅडम आल्या.

"काहून गं, बसून काहून राहिली तू?"

"मॅडम, माझ्या अभ्यासासाठी. परवानगी मिळाली आहे मला वरून."

"वरून मिळाली असेल. वॉर्ड माझा आहे जी. लोकं काय म्हणतील, सिस्टर आराम करून राहिली?"

"उभं राहून सांगितलं की सगळ्या हओ म्हणतात, मॅडम. त्यातलं घरी काय पोचते, ते मला पाहायचं आहे."

विनता मॅडमनी खाटेवरच्या सुखवंतीबाईंकडे बघितलं. त्याही खिडकीकडच्या रांगेतच होत्या.

"अच्छा. मग हिलाच समजावून दाखव. ही बाई होळीपर्यंत पुन्हा भरती नाही झाली, तर मी मानीन. झाली, तर तुझं बसणं बंद आणि हे स्टूल भंगारात."

"मॅडम, एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही."

"तुझ्या परीक्षकांसाठी नसेल होत. माझ्यासाठी होते."

मित्रांनो, लोखंडाला घाम फुटत नाही म्हणून बरं. भंगारात जायची भीती मला होतीच. पण खरं सांगते, विभावरीचा चेहरा बघून मला स्वतःपेक्षा तिचीच काळजी वाटली. तिने इतकी वर्षं जे मनात धरलं होतं, ते एका बाईच्या सुजेवर येऊन ठेपलं होतं.

सुखवंतीबाईंना घरी सोडायच्या दिवशी विभावरी माझ्यावर बसली. तिने पथ्य सांगितलंच नाही. ती म्हणाली, "अम्मा, घर जाकर सब्जी कैसे बनाओगी? मुझे सिखाओ."

सुखवंतीबाई आधी लाजल्या. नर्सला स्वयंपाक शिकवायचा, तोही दवाखान्यात! मग त्यांचे हात आपोआप मटार सोलू लागले, रिकाम्या हवेतच. कढईत तेल, मग जिरं, हिरवी मिरची, मटार. विभावरी मधे एक शब्द बोलली नाही.

"...फिर ऊपर से सेंधा."

"सेंधा?"

"हओ. नमक तो हमने कब का छोड़ दिया, दीदी. तुम लोगन ने मना करो थो न. अब तो सेंधा डालत हैं, बिरत वालो. खूब डालत हैं. बो थोड़ी नुकसान करत है."

घ्या! बाईंनी ऐकलं नव्हतं असं कोण म्हणालं? अक्षरशः ऐकलं होतं. घरातलं मीठ बंदच केलं होतं. पण उपासाला चालतं ते सैंधव त्यांच्या लेखी मीठ नव्हतंच. साध्या मिठाने उपास मोडतो, सैंधवाने मोडत नाही. मग देवाला चालतं ते देहाला बाधेल कसं? साधं मीठ सुटलं म्हणून तोंडाला चव यावी यासाठी त्या ते दुप्पट घालत होत्या. त्यानेच अंगात पाणी साठत होतं, पाय सुजत होते. आणि पथ्य पाळूनही दुखणं का हटत नाही, म्हणून बाई आणखी उपास धरत होत्या.

इतक्या जणी उभ्याने सांगून गेल्या, पण सैंधवाचं कोणाच्या ध्यानी आलं नव्हतं. येणार कसं? कोणी विचारलंच नव्हतं.

विभावरी हसली नाही, रागावली नाही. तिने बाईंचा हात हातात घेतला आणि सांगितलं की व्रताला सैंधव शुद्ध असेल, पण हृदयाला दोन्ही मिठं सारखीच. मग चवीला काय घालायचं ते दोघींनी मिळून ठरवलं. लिंबू, आलं, भाजलेलं जिरं, कोथिंबीर. शेवटी विभावरी म्हणाली, "अब फिर से सिखाओ मुझे सब्जी." बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी शेवटी लिंबू पिळलं, तेही हवेतच. आणि पहिल्यांदाच त्यांनी स्वतः होऊन एक प्रश्न विचारला, "और अचार, दीदी?"

लोणच्याचा तो प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला, तो मी सांगू शकत नाही. हओ म्हणणारी बाई विचारू लागली होती.

पुढचे दिवस कठीण गेले. विभावरी एकेका खाटेपाशी मला ओढत नेई, बसे, विचारी, ऐके. तिची मैत्रीण ऋचा घड्याळ लावून वेळ मोजायची. बसून समजवायला उभ्यापेक्षा फारसा वेळ लागत नव्हता, आणि गंमत म्हणजे खिडकीकडच्या बायका म्हणायच्या, सिस्टर खूप वेळ थांबल्या. पण मॅडमचं लक्ष आकड्यांत नव्हतं. बाहेर स्ट्रेचरची चाकं करकरली की त्या दाराकडे बघत. विभावरीही बघे. मीही.

होळीला थोडेच दिवस उरले होते. एका सकाळी दारात सुखवंतीबाई दिसल्या. विभावरीच्या हातातला ट्रे थांबला. मग तिने खाली बघितलं. बाई चपला घालून, आपल्या पायांनी चालत आल्या होत्या. घोटे सडसडीत. कमरेला पोटली, पोटलीत मोसमातले शेवटचे मटार.

"भरती होने नहीं आए," त्या म्हणाल्या. "जाँच कराने आए थे. सोचा, दीदी को मटर दे दें."

विनता मॅडम तिथेच उभ्या होत्या. नेहमीसारख्या. सुखवंतीबाई रिकाम्या खाटेच्या कडेवर टेकल्या, पायाने मला पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बैठो न, बड़ी दीदी. खड़े-खड़े का बात करहो."

मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा विभावरीकडे. आणि मग त्या बसल्या. मित्रांनो, तिथली फरशी वाकडी आहे. पण मी तसूभर हलले नाही.

मॅडमचे डोळे बाईंच्या डोळ्यांसमोर आले. मग त्यांनी विचारलं, "अम्मा, मुझे भी सिखाओ, सब्जी कैसे बनाती हो." बाईंची भाजी सांगून झाल्यावर मॅडम उठल्या, मला स्वतः उचललं आणि दाराकडच्या रांगेत नेऊन ठेवलं.

"मॅडम, ती रांग उभ्याची आहे," विभावरी म्हणाली.

"तुझा अभ्यास झाला न पुरा? मग आता माझ्या वॉर्डात उभ्याची रांग नाही राहणार."

विभावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही, गंज चढेल म्हणून मी आवरलं.

पुढे विभावरीने मोठ्या सभेत तिचं संशोधन मांडलं. खिडकीकडच्या रांगेतल्या बायका दाराकडच्यांपेक्षा कमी वेळा परत आल्या होत्या. पडद्यावर माझा फोटो होता म्हणे. निबंधात मात्र माझा उल्लेख 'कमी उंचीचे आसन' असा झाला आहे. ठीक आहे. शिकलेल्या लोकांची भाषा तशीच असते. चिंतामणींकडून आणखी स्टुलं करून घेतली. पाइप भरपूर होता, तरी दवाखान्याने बजावलं, तीनच पाय, आणि एवढीच उंची. आता प्रत्येक दोन खाटांमधे माझी एक बहीण आहे. बादल्यांच्या खोलीत कोणी नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. आपल्या आजीला, शेजारच्या काकांना, कोणालाही औषध-पाणी समजवायचं असेल तर दारातून सांगून पळू नका. जवळ बसा. आपण सांगायच्या आधी त्यांना सांगू द्या. आणि दवाखान्यात आलात तर खाटेखाली बघा, मी तिथेच असेन. मला ओढून घ्या. माझा पत्रा आधी थोडा गार लागतो, पण समोरचं माणूस बोलतं होईपर्यंत तो छान ऊबदार होतो.