पाहिलं की पुढे सरकणारी वेळ

हे कोणाला पटणार नाही, आणि पटवायची हौसही नाही. एक बोट होती, ती कोणी तिच्याकडे बघितलं की उशिरा सुटायची. हसा खुशाल. फक्त खिडकीशी जी विणत बसली आहे, तिच्या तोंडाकडे बघू नका. ती साक्षीदार नव्हे.

बोट कंपनीच्या कचेरीत तो वेबसाइटची पानं बांधायचा. प्रत्येक फेरीची नोंद म्हणजे एक गाठोडं: बोटीचं नाव, धक्का, सुटायची वेळ. पानावर नुसता टॅग, म्हणजे एक लिहून ठेवलेली छोटी आज्ञा, ठेवायचा. त्या टॅगने गाठोड्यातली वेळ काढायची आणि माणसाला कळेल अशी सजवून दाखवायची. प्रवाशांना चढायला सवड म्हणून दाखवताना पाच मिनिटं वाढवायची, असं साहेबांनी सांगितलं होतं. नवा टॅग त्याच सकाळी पानावर चढला.

नऊला त्याने पान उघडलं. दहाची बोट दहा-पाचला. ठीक. पुन्हा उघडलं, दहा-दहा.

त्याने मान वर केली. समोरच्या टेबलावर नोंदवाल्या बाई बसायच्या. नोंदीतली वेळ बदलायचा अधिकार त्यांच्याच हातात होता, आणि त्यांची बोटं कळफलकावर टकटक करत होती.

"बाई, दहाची वेळ तुम्ही हलवलीत?"

"मी कशाला हलवू? मला काय त्या बोटीने माहेरी जायचंय?"

"मग आपोआप हलते?"

"तुमच्या कपाळावरची आठी बघून घाबरली असेल बिचारी."

माणूस इतकं गोड बोलतो तेव्हा पोटात काहीतरी असतं, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग तो टपून बसला. दर दोन-तीन मिनिटांनी पान उघडायचं आणि बाईंच्या बोटांकडे बघायचं. दर वेळी वेळ पाच मिनिटं पुढे, दर वेळी टकटक चालूच. याहून मोठा पुरावा काय असतो? बारापर्यंत त्याने सत्तरएक वेळा पान उघडलं आणि दहाची बोट चारवर जाऊन बसली. धक्क्यावरचा बोटवाला कचेरीत दिसेल ती वेळ पाळणारा. त्याने नांगर टाकला, दाढी केली, वाढली म्हणून परत केली. रांगेतल्या दोन प्रवाशांची ओळख झाली, मैत्री झाली, भांडण होऊन अबोलाही झाला.

बारा वाजता तो वर जाऊन साहेबांना बाईंचं नाव सांगून आला. साहेब म्हणाले, "चार वाजता त्यांना नोकरीतून कमी केल्याचं पत्र देतो."

एक वाजता बाई जेवायला गेल्या. मशीन बंद, खुर्ची रिकामी. त्याने मिशीतल्या मिशीत हसत पान उघडलं.

पाच मिनिटं पुढे.

पुन्हा उघडलं. आणखी पाच. त्याने टॅग उघडला. सकाळीच स्वतःच्या हाताने लिहिलेला. वेळेची नक्कल काढून तिच्यात पाच मिनिटं घालायची होती. याने थेट गाठोड्यातल्या वेळेतच घातली होती. फोटोवर मिशी काढायची, तर माणसालाच चिकटवून आला होता. पान जितक्यांदा उघडेल तितक्यांदा पाच मिनिटं. बोट त्याच्याच संशयाने अडकली होती.

मग काय सांगू. लिफ्टची वाट न बघता तो तीन-तीन पायऱ्या गाळत वर धावला. सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाला, "चूक माझी. बाईंच्या केसालाही धक्का लावू नका." साहेबांचे डोळे भरून आले, त्यांनी पत्र टराटरा फाडलं आणि...

"अहो," खिडकीकडून आवाज आला. सुया थांबल्या होत्या. "बोटवाल्याची दाढी चालेल एक वेळ. पण हे खोटं आहे. मी जेवून आले तेव्हा तुम्ही टॅग गुपचूप दुरुस्त करून, मान खाली घालून बसला होतात. चारला पत्र माझ्या हातात पडलं. सकाळच्या चुकलेल्या टॅगची प्रत काढून वर साहेबांकडे मी गेले होते, एकटी."