मुकी पट्टी

बाबा ज्या हॉटेलात वाजवायचे, तिथल्या पियानोची मधली एक पट्टी मुकी होती. दाबली की खाली बसायची, वर यायचं नाव नाही. बाबांनी मॅनेजरच्या किती विनवण्या केल्या. "लोक इथे जेवायला येतात," एवढंच उत्तर. मग बाबा त्या पट्टीला वळसा घालू लागले: तिची जागा आली की क्षणभर थांबायचं आणि शेजारचा सूर उचलायचा. उभी हयात तिथे गेली, सवय अंगवळणी पडली.

लोकांना तो थांबा भयंकर आवडला. शिष्यांनी तर डोक्यावर घेतला. आज गावात कुणीही जॅझ वाजवायला बसलं की तसंच अडखळतं, तेही धडधाकट पियानोवर! हसावं की रडावं कळत नाही.

निवृत्तीनंतर घरी चांगला पियानो आणला, पण बोटं ऐकेनात, त्या जागी थांबायचीच. दाढी करताना मात्र बाबा आपली चाल त्या सुरासकट पुरती गुणगुणायचे. "एकदा अशी वाजलेली ऐकायचीय," म्हणायचे. मग झटका आला. वाचा गेली, डावा हात गेला. मी गाऊन दाखवावी, तर माझा गळा म्हणजे आनंदीआनंद.

परवा चष्मिश आला. बाबांचा लाडका शिष्य, आता बडं प्रस्थ. बाबांना खुर्चीसकट शेजारी घेऊन तीच चाल वाजवू लागला. ती जागा आली, तो थांबला, पुढे गेला. बाबांनी उजव्या हाताने ती पट्टी दाबली. उशिरा, पण दाबली.

"असू दे काका, चुकून लागली," म्हणत त्याने मायेने बाबांचा हात उचलून मांडीवर ठेवला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बाबांचं बोट तिथेच.

माझं डोकं फिरलं. "अरे, चुकून कसली? तिथे हाच सूर आहे! हॉटेलची पट्टी बंद होती म्हणून गाळायचे. एकदा पुरती वाजव ना, त्यांना ऐकायचीय!"

तो ओशाळला. वाजवायला बसला. ती जागा आली आणि बोट अडलं. परत केलं, परत अडलं. कपाळावर घाम आला.

"ताई, नाही गं जमत. बोट जातच नाही तिथे. आणि मी पुढे पोरांनाही हेच शिकवलंय."

बाबा त्याच्या बोटांकडे बघत राहिले. मला इतका राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना.

त्याने शेवटचं एकदा वाजवलं. ती जागा आली, तो थांबला. बाबांनी मांडीवरचा हात उचलला नाही.