पहिला शब्द बघ

तिने ‘चाचणी’चं बटण दाबलं आणि खुर्चीसकट गर्रकन फिरून मामाकडे पाहिलं. पडद्यावर आठशे बेचाळीस नोंदी पत्ते पिसावेत तशा इकडून तिकडे सरकत होत्या.

“बोट तरी लावलंय का मी? सगळं आपोआप!”

अकरा दिवस खपून हे अवजार तिने स्वतः लिहिलं होतं. साध्या भाषेत एक नियम लिहायचा, ‘चालव’वर दाबायचं, की नोंदींच्या अ‍ॅपमधली फोल्डरं आपली आपण नव्याने लागायची. शाळेत त्याचं कौतुक झालं तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते, आणि ते खाली टेकवायची तिला घाईही नव्हती.

मागच्या टेबलावर आई एक शिलाई मशीन आडवं पाडून, दातांत स्क्रूड्रायव्हर धरून, त्याच्या पोटात डोकावत होती. नोंदी सगळ्या तिच्या होत्या, एकोणीस वर्षांच्या. दुरुस्तीच्या दुकानाची पाटी तेवढी मामाच्या नावाची. आईची प्रत्येक नोंद बिघडलेल्या मशीनच्या आवाजाने सुरू व्हायची: टकटकखस्स. कुईं. घर्रथांबघर्र.

“हे पोरकट आवाज वर दिसायला नकोत,” मामा म्हणाला. “कंपनीप्रमाणे लाव. दुपारी कारखान्याच्या बाई येतायत. दोनशे मशीन आहेत त्यांच्याकडे! शिवाय त्यांच्या माणसांना शिकवायला एक मुख्य कारागीर हवाय.”

“म्हणजे आई.”

“ताईला चारचौघांत बोलता येतं का? नोंदी मी दाखवतो. दुकान एकच ना आपलं? त्यात तुझं-माझं कसलं!”

“तुझं-माझं नाही ना? मग आईच्या म्हणून दाखव.”

“बघ ताई, शिंगं फुटली तुझ्या लेकीला!”

“आई, बोल ना काहीतरी!”

आईने दातांतला स्क्रूड्रायव्हर काढला. “मामा म्हणतो तसं कर.”

तिचे कान तापले. तिने हाताची घडी घातली. “मी नाही दाबणार. अवजार माझं आहे.”

मामाने तिच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टंकलं: ‘कंपनी बघ, तिचं फोल्डर कर.’ मग ‘चालव’. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कंपन्यांची नावं रांगेत उभी राहिली. मामा शीळ घालत शर्ट बदलायला गेला.

तिने लगेच कीबोर्ड ओढला, तोच मागून आईचा आवाज आला.

“तेल संपलंय. कोपऱ्यावरून बाटली आण.”

“आत्ता? अगं, मी हे सगळं पुन्हा—”

“आत्ता.”

पाय आपटत ती निघाली. रस्ताभर मनातल्या मनात मामाशी भांडली आणि दर वेळी जिंकली. परत जाऊन बाईंच्या तोंडावर सगळं सांगायचं, मग आई रागावली तरी चालेल, हे दुकानाच्या पायरीशी येईपर्यंत पक्कं झालं होतं.

आत बाई येऊन बसल्या होत्या. कडक इस्त्रीतल्या मामाने ऐटीत पडदा त्यांच्याकडे वळवला आणि त्याचा हात तसाच राहिला. कंपन्या गायब होत्या. एकाखाली एक फोल्डरं होती: कुईं. घर्रथांबघर्र. टकटकखस्स.

त्याने भाचीकडे असं पाहिलं की जणू कच्चीच खाईल. तिने बाटलीसकट मान हलवली. मी नाही.

बाईंनी गाडीतून आणलेलं मशीन सुरू केलं. “दोन जणांना दाखवलं. दोघांनीही दोरा बदलला. तुमच्या नोंदी काय म्हणतात?”

“अं… कंपनी कोणती म्हणालात?” मामाने घसा साफ केला.

“कंपनी राहू दे.” आई उठून उभी होती. “पुन्हा चालवा.”

बाईंनी चालवलं. आईने डोळे मिटले, एक हात मशीनच्या पाठीवर ठेवला.

“तिसरं फोल्डर. वरून चौथी नोंद.”

भाचीने झेप घेऊन उघडली आणि मोठ्याने वाचली. “कापड पुढे सरकवणारे खालचे दात झिजलेत. दोऱ्याचा काही दोष नाही.”

बाई वाकल्या, सुईखालची पट्टी काढून बघितली, झिजलेल्या दातांवरून बोट फिरवलं.

“या नोंदी कोणाच्या?”

मामाने तोंड उघडलं होतं.

“माझ्या,” आई म्हणाली, आणि हात फडक्याला पुसले.

बाईंनी खुर्ची उचलली आणि मागच्या टेबलाजवळ नेऊन ठेवली.

भाचीने हळूच नियमांचं पान उघडलं. मामाची ओळ पुसलेली होती. तिथे लिहिलं होतं: ‘पहिला शब्द बघ, त्याचं फोल्डर कर.’ शेजारी वेळ होती. ती रस्त्यात मामाशी भांडत होती, तेव्हाची.

ती उठली आणि आणलेली बाटली फळीवर ठेवायला गेली. तिथे तेलाची एक बाटली होती, झाकणापर्यंत भरलेली.

तिने दुसरी तिच्याशेजारी ठेवली.