जोडाखालची फूट

"जोडाखाली जे फुटेल ते ठेवू नकोस. ते झाडाचं नव्हे, चोराचं."

हे यांचं बोलणं. हे गावच्या मोठ्या बागेत एकतीस वर्षं माळी होते. मागच्या भिंतीजवळ रानगुलाबाच्या खुंटावर यांनी पिवळ्या गुलाबाचा डोळा भरून कलम केलं होतं; जोडाच्या वर पिवळा गुलाब, खाली रानटी खुंट. शेवटच्या आजारात माझ्याकडून एवढंच वदवून घेतलं, की ते कलम मी सांभाळीन. हिरवं पान तोडायचं नाही, हा माझा वीस वर्षांचा नेम. देवापुढेही मी गळलेलीच फुलं ठेवते. यांना ते ठाऊक होतं, तरी मागितलं. मीही हो म्हणाले.

हे गेल्यावर बाग बंदच पडली. पहिल्या वर्षी एकदा जाऊन आले. बुंध्याशी तांबूस, लुसलुशीत फूट आली होती. इतका आनंद झाला, की दोन बाटल्या पाणी घातलं. पुढे गुडघ्याने दोन वर्षं घरात बसवलं.

काल गेले.

"बाग बंद आहे, आजी," रखवालदार खुर्चीतून न उठता म्हणाला.

"फाटक तर उघडं आहे."

"ते कुत्र्यांसाठी."

"मग त्यांच्या मागून जाते."

"चावली तर माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार."

आत वाट अशी उरलीच नव्हती. घाणेरीने बाकं गिळली होती. कोरड्या कारंज्यात तीन कुत्री होती. ती उठली आणि गुरगुरत बरोबरीने चालू लागली. मी देवाचं नाव घेत राहिले. त्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. जाळं तोंडावर बसलं, काट्याने बाही कोपरापर्यंत फाडली. यांनी हाताने वाढवलेली बाग, पण एकाही झुडपाने मला ओळख दिली नाही.

भिंत दिसेना, एवढा गुलाब माजला होता. अंगठ्याएवढ्या जाड काठ्या, सात-सात पानांच्या, वर बारीक पांढरी फुलं. सगळा खुंटाचा पसारा. पिवळं कलम मध्ये वाळून काठी झालेलं, जोडाच्या वर बोटभर फांदी तेवढी हिरवी. दोन पानं.

माझा नेम शाबूत होता, आणि यांचं झाड मी पाणी घालून मारत होते.

एक काठी धरली. काटा तळव्यात शिरला. मोडायला जोर लावायच्या आधीच हात आपोआप मागे आला.

घरी जाऊबाईंनी औषध लावलं, जरा जोरातच. "पान न तोडणारी बाई. झाडाची समजूत घालायला गेली होतीस का?"

"पाहायला गेले होते."

"आता देवाला सांग, तोच येईल छाटायला. भाऊजींनी तरी कुणाला सांगावं."

मी औषधाची बाटली उचलून फळीवर ठेवली.

आज आंघोळ करून दिवा लावला. रोज चार गोष्टी म्हणते: खोटं बोलणार नाही, अन्न टाकणार नाही, कुणाचं मन दुखवणार नाही, हिरवं तोडणार नाही. तीन म्हटल्या आणि थांबले. वाट पाहिली. दिवा जळत होता तसाच जळत राहिला.

यांची छाटणीची कात्री कपाटातून काढली, तेल दिलं, जुन्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. जाऊबाई अजून उठल्या नव्हत्या. चपला हातात घेतल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.