कातडीतून उडणारे पाणी

डॉक्टर वेनेताबाईंच्या थोरल्या मुलीचे लग्न ज्या वर्षी झाले, त्याच वर्षी मी बल्गेरियातल्या डोंगरगावाच्या या दवाखान्यात आले. मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. माझी अंगठ्याएवढी नळी दंडावर टेकवली की कातडीतून किती पाणी उडून जाते, ते मी सांगते. मला वारा चालत नाही, म्हणून मोजताना खिडकी लावून घेत. माझा आकडा पाहून बाई मलम ठरवत. तेव्हा माझे फार कौतुक होते.

त्या उन्हाळ्यात रालित्सा आपल्या तान्ह्या कालिनला घेऊन आली. त्याची कातडी जन्मापासून खवल्यांची, भेगाळलेली. सोबत तिची सासू स्टोयनाआजी, मेंढ्यांच्या दुधाचे चीज करणारी.

मला पाहून आजी म्हणाली, "हे शिंग मला लावा की, बाई. वाळकं आलुबुखार आहे मी, थेंब निघायचा नाही."

"आई, गप्प बसा हो. तुमच्या श्वासानं आकडा हलतोय," रालित्सा हसत म्हणाली.

आकडा फार वर होता. बाळाच्या अंगातले पाणी कातडीतून गळते आहे, जाड मलम लावत राहा, असे बाईंनी सांगितले. हळूहळू आकडा उतरू लागला. कालिन माझ्या नळीकडे पाहून हसू लागला.

आजीला मात्र ते गळणे सलत होते. त्यांच्याकडे तान्ह्याला मीठ चोळून गुंडाळायची रीत होती, अंग कणखर व्हावे म्हणून. रालित्साने ते होऊ दिले नव्हते. एकदा ती बाजाराला गेली आणि आजीने नातवाला मिठात गुंडाळले.

दुसऱ्या दिवशी मी टेकले, तर आकडा पहिल्यापेक्षाही वर. कालिन रडतही नव्हता.

"काय लावलंत याला?" बाईंनी विचारले.

"मीठ," आजी म्हणाली. "ओलं चीज मिठानं घट्ट होतं. मला वाटलं, हाही होईल."

भेगांतून मीठ रक्तात गेले होते. त्याला मोठ्या इस्पितळात नेले. बाईंनी मला पेटीत ठेवले, ते पुन्हा क्वचितच काढले. आता माझ्यावर धूळ आहे.

मित्रांनो, मोजून आकडा सांगितला म्हणजे काळजी संपत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्याच्या मनात कोणता उपाय आहे, ते आधी विचारा.

रालित्साचा मुलगा कालिन त्याच वर्षी, मेंढ्या डोंगरावरून खाली उतरतात त्या संत दिमितरच्या सणाच्या आदल्या दिवशी वारला.