शनिवारचं तेल

मालोजी वाघमोड्यानं आपल्या मेव्हण्याचं, संताजीचं, नाक बारा इंची पान्यानं फोडलं, त्याला त्या शनिवारी तीन वर्षं पुरी होत होती. नाक नंतर जागेवर बसलं, पण त्याला वास येणं कायमचं बंद झालं. संताजीनं त्याची तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला बोलावं लागतं, आणि त्या दिवसापासून दोघांचा अबोला होता.

भांडण तेलावरून झालं होतं. मालोजीनं संस्थानच्या मोटारखान्यात बावीस वर्षं काढलेली. तिथल्या शर्यतीच्या मोटारीला एरंडेल लागे. एरंडेल इंजिनाच्या लोखंडाला आईसारखं चिकटतं, कितीही तापलं तरी लेकराला सोडत नाही, असं त्याचं मत. संताजी पूर्वीचा रिसाल्यातला दफेदार, आता बसचा ड्रायव्हर. त्याचं म्हणणं, जमिनीतून निघालेलं खनिज तेलच खरं. कंपनीचा डबा फोडा, ओता, इंजिन साफ राहतं. एरंडेलाची आत राळ होते आणि पिस्टन जाम. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण मिटण्याची काही शक्यता नव्हती.

जुनी इंदूर मोहल्ल्यात चार माणसांसमोर संताजी म्हणाला होता, "भिया, ते एरंडेल इंजिनाला नको, माझ्या साल्याला पाजा. डोकं साफ होईल." त्यावर तो पाना.

बस दोघांच्या भागीची, घरं शेजारी, आणि मध्ये गंगूबाई: मालोजीची बहीण, संताजीची बायको. इकडचा निरोप तिकडे तीच नेई. घरात एरंडेल हा शब्द उच्चारायचा नाही, असा तिनं दंडक घातला. पोरांची पोटं दुखली तर त्रिफळा. तेल म्हणजे नुसतं तेल.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, मोटारखान्याला कुलूप लागलं, आणि मालोजीकडे मिस्त्री म्हणवून घ्यायला तेवढी ती बस उरली. आता नव्या सरकारनं फर्मान काढलं: जुनी बस मोटार इन्स्पेक्टरला घेऊन बेटम्याला जाऊन स्वतःच्या इंजिनावर परत आली तर परमिट, नाहीतर बस भंगारात. बस भंगारात म्हणजे मालोजीही भंगारात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून त्या शनिवारी सकाळी त्यानं इंजिनातलं कंपनीचं तेल थेंबाथेंबानं निथळू दिलं. ही दोन तेलं एकमेकांत मिसळत नाहीत, हे मोटारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. मग देवघराशेजारी चार वर्षं जपलेला एरंडेलाचा शेवटचा डबा फोडला. इंजिनात तेल मोजायची पट्टी घालून पाहिली. खालच्या खुणेपर्यंत आलं होतं. बेटम्यापुरतं बस्स. हात धुता धुता तो म्हणाला, "गंगू, दाजींना सांग, तेल घातलंय."

गंगूबाईनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, दादांनी तेल घातलंय."

शनिवारी सकाळी जुनी इंदुरात तेल घालतात ते मारुतीच्या डोक्यावर. संताजी म्हणाला, "चांगलं केलं. आज लागेलच." आणि गाडीकडे जाऊन त्यानं पट्टी काढली. तेल कमी. त्यानं कंपनीचे दोन डबे ओतले. एरंडेलाचा वास दहा हातांवरून येतो. पण ज्याला यायचा त्याचं नाक तीन वर्षांपूर्वीच बाद झालं होतं.

इन्स्पेक्टर अच्युतराव मांडीवर फाईल घेऊन पुढच्या बाकावर बसले. संताजी चाकावर. मालोजी मधल्या स्टुलावर, इंजिनाच्या पत्र्याच्या झाकणावर डावा पंजा ठेवून, वैद्यानं नाडी धरावी तसा. बेटमा चार मैलांवर आलं आणि पंजाखाली टक् झालं. मग टक् टक्.

"साहेब," मालोजी म्हणाला, "ड्रायव्हरना सांगा, गाडी थांबवा."

अच्युतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते तुमच्यापासून हातभर लांब बसलेत."

"अबोला आहे."

"फॉर्मात तसा रकाना नाही."

संताजी समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "साहेब, मिस्त्रीजींना सांगा, मी तेल बघून निघालोय. दोन डबे टाकलेत."

मालोजी साहेबांकडे वळला. "त्यांना विचारा, कसले डबे?"

"मी काय पोस्टमन आहे हो?" अच्युतराव म्हणाले.

पुढचा निरोप इंजिननंच पोचवला. आतला पिस्टनचा दांडा तुटला, इंजिनाची भिंत फोडून, पत्र्याचं झाकण फाडून वर आला, आणि मालोजीच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन छताला जाऊन आदळला. उकळतं तेल संताजीच्या मांड्यांवर उडालं. बस बाभळीत शिरली. अच्युतरावांच्या कपाळानं समोरची काच फुटली, पण फाईल त्यांनी सोडली नाही.

मालोजी खाली उतरला. इंजिनाखालून तेल गळत होतं: गाठीगाठींचं, पाणी वेगळं, चोथा वेगळा, फुटलेल्या कढीसारखं. त्यानं ते पाहिलं, तेलानं माखलेल्या डाव्या हाताला फेटा गुंडाळला आणि उजव्या हातात जॅकचा दांडा घेतला.

पहिला वार बसच्या दारापाशी टेकलेल्या संताजीच्या खांद्यावर बसला. हाड वाजलं. संताजी भाजलेल्या मांड्यांनिशी उभा राहिला आणि रिसाल्यात शिकवतात तशी डोक्यानं ढुशी दिली. मालोजीचे पुढचे दोन दात गेले. दोघे धुळीत पडले. संताजीनं जखमी हात हुडकून पिळला; मालोजीनं दांड्यानं त्याचा गुडघा फोडला. रक्त कुणाचं किती, हे फेट्यावरून सांगता आलं नसतं.

"बस करा यार, सरकारी काम चालू आहे," म्हणत अच्युतराव मध्ये आले. दांडा त्यांच्या जबड्यावर बसला. ते बाभळीखाली आडवे झाले.

"दोन डबे ओतलेत, दाजी?" मालोजी धापा टाकत म्हणाला. तीन वर्षांतला पहिला शब्द. "मी तेल घातलं होतं."

"मारुतीला."

"मारुतीला कशाला? इंजिनात. एरंडेल."

"गंगू म्हणाली, तेल घातलंय."

"मग?"

"मग आज शनिवार आहे, मालोजीराव."

मालोजीनं उगारलेला दांडा हवेतच राहिला. "अहो, पण वास? तिकडे गल्लीच्या टोकाच्या मशिदीपर्यंत वास गेला असेल. तुम्हाला वास नाही आला?"

संताजीनं रक्ताळलेलं बोट आपल्या वाकड्या नाकावर ठेवलं.

मालोजीनं त्या नाकाकडे पाहिलं. मग दांडा एकदा मारलाच. तो आधीच उगारलेला होता.

बैलगाडीनं तिघांना बेटम्याच्या दवाखान्यात नेलं. दुपारी गंगूबाई आली. अच्युतरावांचा जबडा बांधलेला, त्यांनी फाईलमधल्या एका कागदाच्या पाठीवर लिहून तिला दिलं: "यांना सांगा, परमिट नामंजूर. मी यांच्याशी बोलणार नाही."

गंगूबाईनं वाचलं, दोन्ही खाटांकडे पाहिलं आणि कागद मधल्या स्टुलावर ठेवला. "आपलं आपण वाचा," ती म्हणाली. "माझाही आजपासून अबोला. दोघांशी."

ती गेल्यावर मालोजीनं उजव्या हातानं कागद उचलला, वाचला, शेजारच्या खाटेवर दिला. संताजीनं वाचून परत दिला. आता त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मालोजीनं उशाशी ठेवलेला, हातावरून सोडलेला फेटा उचलून नाकासमोर धरला. रक्तातूनही तो गोडसर वास येत होता. त्यानं फेटा शेजारी पुढे केला.

"बघा, दाजी. मोटारखान्यातलं अस्सल."

संताजीनं मोठा श्वास घेतला.

"नाही येत."

"माहीत आहे," मालोजी म्हणाला, पण फेटा त्यानं बराच वेळ तसाच धरून ठेवला.